कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या माणसाला साथ कशी द्यावी : अर्जापासून पहिल्या सत्राच्या अखेरीपर्यंत

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, इंग्रजी शिकायला जाणाऱ्या मराठी व्यक्तीला मदत करणारे बहुधा घरचेच असतात: नवरा, बहीण, मुलगा, कधी शेजारी. मदतीत आपुलकीची कमतरता नसते. चूक होते ती कामांच्या क्रमात आणि कोणते काम कोणी करायचे या वाटणीत. मी बे एरियातील एका कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये काही वर्षे स्वयंसेवक म्हणून बसते आहे. चुकीच्या वर्गात बसलेली, सत्राच्या चौथ्या आठवड्यात घाबरून आलेली माणसे मला दर वर्षी भेटतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा अर्ज दुसऱ्याच कोणीतरी भरलेला असतो. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत. इतर राज्यांत शुल्क आणि कायदे वेगळे असले, तरी अभ्यासाविषयीचे टप्पे तेथेही तसेच लागू पडतात.

टप्पा १ : व्हिसा आणि उद्देश आधी स्पष्ट करा

कॉलेजचे संकेतस्थळ उघडण्यापूर्वी व्यक्ती कोणत्या व्हिसावर आहे हे पाहावे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना "नुसते घरी बसण्यापेक्षा" कॉलेजात घालावे असे अनेकांना वाटते. परंतु बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर असताना नियमित अभ्यासक्रमात नाव नोंदवण्यास केंद्रीय नियमांनी मनाई आहे. त्यांच्यासाठी सार्वजनिक वाचनालयातील इंग्रजी संभाषणाचे अनौपचारिक गट हा योग्य मार्ग आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयामार्फतच जावे. त्यांना दर सत्रात किमान १२ युनिट (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे माप) घ्यावे लागतात आणि त्यांचे बाकीचे नियमही वेगळे आहेत. हा लेख मुख्यतः एच-४ व्हिसाधारक (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांचे कुटुंबीय) आणि ग्रीनकार्डधारक यांच्यासाठी आहे.

एच-४ व्हिसावरील व्यक्तीला कॅलिफोर्नियाची रहिवासी म्हणून कमी शुल्कात शिकता येते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. त्यासाठी सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालेले असावे लागते, आणि येथेच राहण्याचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो. घरभाड्याचा करार, वाहन परवाना, राज्याचे कर विवरणपत्र आणि बँकेचे विवरण यांच्या प्रती एकत्र करून ठेवाव्यात. रहिवाशांना प्रतियुनिट ४६ डॉलर पडतात. बाहेरच्यांना त्यावर प्रतियुनिट काही शे डॉलर अधिक द्यावे लागतात. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे छोट्या सत्रांच्या, कॉलेजांत, उदाहरणार्थ क्युपर्टिनोच्या दे आन्झा कॉलेजात, युनिटचा आकार लहान असल्याने प्रतियुनिट आकारणी ३१ डॉलर आहे.

त्यानंतर उद्देश विचारावा, आणि तो त्या व्यक्तीलाच विचारावा. मुलाच्या शिक्षिकेशी बोलता यावे, डॉक्टरांना दुखणे सांगता यावे एवढाच उद्देश असेल, तर नॉनक्रेडिट, म्हणजे पदवीसाठी न धरले जाणारे, इंग्रजी वर्ग पुरेसे आहेत. त्यांना शिकवणी शुल्क नाही, ग्रेडची धास्ती नाही आणि तोच वर्ग पुन्हा करता येतो. पदवी, प्रमाणपत्र किंवा पुढे विद्यापीठात बदली हवी असेल, तर क्रेडिट ईएसएलची (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या, युनिट मिळणाऱ्या वर्गांची) पायरी चढावी लागते. कोणताही वर्ग चालेल, पुढे बघू, असे म्हणून सुरुवात केली की दोन सत्रे वाया जातात.

*पडताळा :* व्यक्तीने आपला उद्देश एका वाक्यात, इंग्रजीत, स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिलेला असावा. वाक्य चुकीचे असले तरी चालेल. तो कागद टप्पा ३ मध्ये लागणार आहे.

टप्पा २ : अर्ज

राज्यातील कम्युनिटी कॉलेजांसाठी सीसीसी अप्लाय हा एकच ऑनलाइन अर्ज आहे. तो भरताना तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक नावाची. आपल्याकडे विवाहित स्त्रीच्या पासपोर्टवर कधी माहेरचे नाव असते, कधी सासरचे, आणि मधले नाव वडिलांचे की पतीचे याचाही एकसारखा नियम नसतो. अर्जात पासपोर्टवरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे. लग्नात बदललेले पण कागदावर नसलेले नाव घातले, तर रहिवासाचे पुरावे आणि पूर्वीच्या पदवीची कागदपत्रे जुळत नाहीत.

दुसरी चूक ईमेलची, आणि ती सर्वांत महाग पडते. नवरा स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन नंबर घालतो, कारण "तिला ते बघायची सवय नाही." त्यानंतर ओळख पटवण्याचे पत्र, नोंदणीची तारीख, वर्ग रद्द झाल्याची सूचना हे सारे त्याच्या कामाच्या ईमेलच्या गर्दीत येऊन पडते. एका ताईंना त्यांचा पहिला वर्ग दोन आठवड्यांपूर्वीच रद्द झाल्याचे कॉलेजच्या दारात उभे राहिल्यावर कळले. व्यक्तीचा स्वतंत्र ईमेल काढावा, तो तिच्याच फोनवर बसवावा, आणि रोज सकाळी तो उघडण्याची सवय हाच इंग्रजीचा पहिला धडा समजावा.

तिसरी चूक सोशल सिक्युरिटी क्रमांकाची. कामाचा परवाना नसलेल्या एच-४ धारकांकडे हा क्रमांक नसतो. अर्जात "माझ्याकडे क्रमांक नाही" असे नोंदवण्याची सोय आहे. तेथे पतीचा क्रमांक घालू नये.

सावधान : अर्ज भरताना कळफलक शिकणाऱ्या व्यक्तीच्या हातात असावा. आपण शेजारी बसून अवघड शब्दांचा अर्थ मराठीत सांगावा. यासाठी दीड तास लागतो, आणि तो द्यावा.

टप्पा ३ : पातळीची निवड

सारे सत्र या टप्प्यावर अवलंबून असते, म्हणून येथे घाई करू नये.

२०१७ मध्ये राज्यात ए.बी. ७०५ हा कायदा झाला. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना पदवीच्या पातळीचा इंग्रजी अभ्यासक्रम तीन वर्षांत पूर्ण करण्याची जास्तीत जास्त संधी मिळेल अशा तऱ्हेने कॉलेजांनी पातळी ठरवावी, अशी त्यात अपेक्षा आहे. त्यामुळे पुष्कळ कॉलेजांत आता प्रवेशपरीक्षेऐवजी मार्गदर्शित स्वयंनिवड असते: पडद्यावर नमुन्याचे उतारे आणि लेखनाची उदाहरणे येतात, आणि "हे मला जमते का" याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतः द्यायचे असते. ही उत्तरे घरच्यांनी दिली की सारी पद्धत निरर्थक होते.

घरच्यांची उत्तरे दोन दिशांनी चुकतात. काही जण "एम.कॉम. आहेस, खालचा वर्ग कशाला" म्हणून दोन पायऱ्या वर ढकलतात. काही जण, आणि बहुतेक वेळा विद्यार्थी स्वतःच, बोलण्याच्या भीतीपोटी सर्वांत खालचा वर्ग घेतात. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्यांचे इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले आणि ते मुख्यतः व्याकरणाचे आणि उताऱ्यांचे होते. अशा व्यक्तीला वाक्याचा प्रयोग बदलता येतो, परंतु कॉफीच्या दुकानात समोरचा काय विचारतो ते कळत नाही. तिचे वाचन तीन पायऱ्या वर असते, ऐकणे खाली. अशा वेळी वाचन-लेखनाचा वर्ग वाचनाच्या खऱ्या पातळीचा घ्यावा आणि श्रवण-संभाषणाचा वर्ग वेगळा असेल तर तो खालच्या पातळीचा घ्यावा. एका कौशल्याच्या भीतीने दुसरे कौशल्य मागे खेचू नये.

स्वयंनिवडीच्या आदल्या दिवशी पुढील चाचणी घरी करावी:

१. व्यक्तीने शब्दकोशाशिवाय, हाताने, २० मिनिटे आपल्या जुन्या नोकरीविषयी किंवा गावाविषयी लिहावे.
२. इंग्रजी स्थानिक बातमी एकदा, उपशीर्षकांशिवाय, ऐकून तिचा मजकूर मराठीत सांगावा.
३. कॉलेजच्या संकेतस्थळावरील दोन लगतच्या पातळ्यांच्या अभ्यासक्रमांचे वर्णन वाचून "यातले मला आत्ता काय येते" यावर खूण करावी.

या तिन्हींच्या निकालांसह आणि टप्पा १ मधील वाक्यासह ईएसएल समुपदेशकाची भेट घ्यावी. बदलीचे ध्येय असेल तर शेवटच्या पायरीवर कोणता अभ्यासक्रम उभा आहे हे तेथेच विचारावे. राज्यातील कम्युनिटी कॉलेजांत पदवीपातळीच्या पहिल्या इंग्रजी अभ्यासक्रमाला आता इंग्लिश सी१००० हा समान क्रमांक देण्यात आला आहे.

*पडताळा :* समुपदेशकाने लेखी शैक्षणिक आराखडा दिला आहे का? तोंडी सल्ल्यावर नोंदणी करू नये.

टप्पा ४ : वेळापत्रक

तीन युनिटच्या वर्गासाठी आठवड्याला तीन तास वर्गात आणि सुमारे सहा तास घरी, असे गणित धरले जाते. परभाषेत वाचणाऱ्याला घरचे सहा तास पुरत नाहीत. मुलांची शाळा, स्वयंपाक आणि गाडीची उपलब्धता कागदावर मांडून मगच वर्ग निवडावेत. पहिल्या सत्रात ईएसएलच्या जोडीला जास्तीत जास्त एक हलका वर्ग घ्यावा, असे माझे मत आहे.

सावधान : पहिल्या दिवशी न आलेल्या विद्यार्थ्याचे नाव प्राध्यापक काढून टाकू शकतात, कारण प्रतीक्षायादीतील लोक थांबलेले असतात. भारतातून परतीचे विमान सत्राच्या पहिल्या आठवड्यात येईल असे तिकीट काढू नये.

टप्पा ५ : पहिले दोन आठवडे

प्रत्येक वर्गाचा सिलॅबस कॅनव्हास या प्रणालीवर मिळतो. तो छापून घ्यावा. शिकणाऱ्या व्यक्तीने त्यातील पाच गोष्टी रंगाने खुणावाव्यात: गृहपाठाच्या तारखा, उशिराबद्दलचा नियम, गैरहजेरीचा नियम, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा, आणि भाषांतर व कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याविषयीचा नियम. शेवटची गोष्ट वर्गागणिक बदलते. एका प्राध्यापकाला व्याकरण तपासणारे साधन चालते, दुसऱ्याला तेही चालत नाही. मराठीत निबंध लिहून तो यंत्राकडून इंग्रजीत करून घेणे मात्र इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात सहसा कोणालाच चालत नाही, आणि त्याने शिकणेही होत नाही.

याच दोन आठवड्यांत उताऱ्याच्या नकलेविषयी मराठीत, शांतपणे बोलून घ्यावे. आपल्या शाळांत गाइडमधले उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळत. येथे तीच गोष्ट वाङ्मयचौर्य ठरते आणि शिस्तभंगाचे प्रकरण होते. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांतील कोणी मला लबाड वाटले नाही; त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते. उपाय सोपा आहे. परिच्छेद वाचावा, पुस्तक बंद करावे, मजकूर मराठीत मोठ्याने सांगावा, आणि त्या मराठी सांगण्यावरून इंग्रजीत लिहावे. मध्ये मराठी आल्यामुळे मूळ वाक्यरचना आपोआप सुटते. त्यानंतर पुस्तक उघडून तथ्ये तपासावीत आणि मूळ लेखकाचा उल्लेख करावा.

टप्पा ६ : लेखनात मदत

घरच्यांच्या हातून सर्वांत जास्त बिघडणारा टप्पा हा आहे. रात्री अकरा वाजता निबंध समोर येतो, उद्या सकाळी द्यायचा असतो, आणि आपण लाल पेनाने तो "ठीक" करून देतो. प्राध्यापकांना सुधारलेला निबंध मिळतो, वर्गातल्या परीक्षेत मात्र तीच व्यक्ती जुन्या चुका करते, आणि दोन्हींतली तफावत संशय निर्माण करते.

क्रम असा ठेवावा:

१. प्रश्न समजून घेणे, मराठीत. वर्णन करा, तुलना करा, युक्तिवाद करा, यांपैकी नेमके काय मागितले आहे ते व्यक्तीने मराठीत सांगावे. मराठीचा वापर येथे लाजिरवाणा नाही. विचार पक्का व्हायला तीच भाषा हवी.

२. मुद्दा ठरवणे. आपल्या शालेय निबंधाची सुरुवात "मानवी जीवनात" अशा व्यापक वाक्याने होते आणि मुद्दा हळूहळू येतो. अमेरिकन वर्गात लेखकाचे म्हणणे पहिल्याच परिच्छेदात, एका वाक्यात हवे असते. ते वाक्य आधी लिहून घ्यावे.

३. पहिला खर्डा एकटीने. या वेळी आपण खोलीतही नसावे.

४. अर्थाचे वाचन. खर्डा व्यक्तीने मोठ्याने वाचावा. आपण पेन खाली ठेवून फक्त जेथे अर्थ कळला नाही तेथे प्रश्न विचारावा.

५. चुकांचे एक किंवा दोनच प्रकार. ते अधोरेखित करावेत. दुरुस्त करू नयेत.

चौथी पायरी पाचवीच्या आधी का, हे एका वाक्यावरून सांगते. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, "आय ॲम वर्किंग इन बँक सिन्स टेन इयर्स." मराठीतले "दहा वर्षांपासून" जसेच्या तसे उतरलेले दिसत होते, आणि मी सवयीने "आय हॅव बीन वर्किंग इन अ बँक फॉर टेन इयर्स" असे लिहून दिले. व्याकरण बरोबर झाले. मग तिच्याशी बोलताना कळले की अमेरिकेत येण्याआधीच तिने नोकरी सोडली होती. खरे वाक्य "आय वर्क्ड इन अ बँक फॉर टेन इयर्स" एवढेच होते. मी तिचे वाक्य शुद्ध केले आणि खोटे करून टाकले. तेव्हापासून क्रियापदाच्या चुकीवर मी आधी मराठीत विचारते: "हे अजून चालू आहे का?" उत्तर मिळाले की बहुतेक वेळा काळ तिचा तिलाच सापडतो.

"अ" आणि "द" यांच्याबाबतही असाच प्रश्न उपयोगी पडतो. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती नियमांनी शिकवली तर तीस नियम होतात. त्याऐवजी नामावर बोट ठेवून "वाचणाऱ्याला ही नेमकी कोणती बँक हे ठाऊक आहे का?" असे विचारावे. ठाऊक असेल तर बहुधा "द", नसेल आणि ती मोजता येणारी एकच वस्तू असेल तर "अ". याला अपवाद राहतील. पहिल्या सत्रात ते राहू द्यावेत.

*पडताळा :* शेवटच्या प्रतीतले प्रत्येक वाक्य व्यक्तीला मराठीत समजावून सांगता येते का? जे सांगता येत नाही ते वाक्य तिचे नाही, ते काढावे.

निबंध द्यायच्या किमान तीन दिवस आधी कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरची वेळ घ्यावी. तेथील शिकवणी विद्यार्थ्यांना मोफत असते. जाताना खर्ड्यासोबत प्रश्नपत्रिका न्यावी. ती नसेल तर समोरच्या शिक्षकाला नेमके काय मागितले आहे हेच कळत नाही, आणि अर्धा वेळ त्यातच जातो.

टप्पा ७ : बोलणे आणि प्राध्यापकांशी संपर्क

भारतीय इंग्रजीतले काही शब्द येथे वेगळे ऐकू जातात. "आय हॅव अ डाउट" म्हणजे आपल्या दृष्टीने "मला एक शंका आहे". अमेरिकन प्राध्यापकाला मात्र तो अविश्वास वाटतो, विशेषतः विषय ग्रेडचा असेल तर. तेथे "क्वेश्चन" म्हणावे. "त्यानेच सांगितले" यातला "च" आपण "ही ओन्ली टोल्ड मी" असा उतरवतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्याने फक्त सांगितले, बाकी काही केले नाही. "टुडे मॉर्निंग" ऐवजी "धिस मॉर्निंग". अशी यादी वहीच्या शेवटच्या पानावर, प्रसंग घडेल तशी वाढवावी.

उच्चारांत आधी अर्थ बदलणारे उच्चार घ्यावेत. आपला "व" इंग्रजीतल्या दोन ध्वनींच्या मधला आहे, पण आपली लिपी ते दोन वेगळे लिहिते: दिशा ती "वेस्ट", कपडा तो "व्हेस्ट". पहिल्यात ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर रोज पाच मिनिटे पुरतात. त्याहून महत्त्वाचा आघात. "फोटोग्राफ"मध्ये पहिल्या अवयवावर, "फोटोग्राफी"मध्ये दुसऱ्यावर, "फोटोग्राफिक"मध्ये तिसऱ्यावर जोर येतो. मराठीत सर्व अक्षरे जवळपास सारख्या वजनाने येतात, त्यामुळे शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या जागी रेघ मारावी.

प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत पहिल्या तीन आठवड्यांत एकदा जावे, अडचण नसली तरी. बरोबर एकच लिहिलेला प्रश्न न्यावा. ईमेलात "रिस्पेक्टेड सर" आणि "काइंडली डू द नीडफुल" गाळून प्राध्यापकांचे आडनाव, वर्गाचे नाव आणि प्रश्न एवढेच लिहावे.

सावधान : व्यक्तीच्या वतीने आपण कॉलेजला फोन करू नये. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार कॉलेजातील विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा असतो, आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज पतीला, पत्नीला किंवा आईवडिलांना ग्रेड सांगत नाही. मराठीत आधी सराव करून घ्यावा, कागदावर चार वाक्ये लिहावीत, फोन तिनेच लावावा.

टप्पा ८ : सत्राच्या मध्यावर निर्णय

कॉलेजच्या दिनदर्शिकेत वर्ग सोडण्याच्या दोन तारखा असतात. पहिलीपर्यंत सोडल्यास नोंद राहत नाही. दुसरीपर्यंत सोडल्यास "डब्ल्यू", म्हणजे वर्ग सोडल्याची खूण, नोंदीत राहतो, पण ग्रेडच्या सरासरीत धरला जात नाही. त्यानंतर ग्रेड मिळतेच. वर्ग झेपत नाही म्हणून नुसते जाणे बंद करणे ही सर्वांत वाईट वाट आहे, कारण त्यातून "एफ", म्हणजे नापासाची ग्रेड, होऊ शकतो आणि तो सरासरीत धरला जातो. दोन्ही तारखा पहिल्याच आठवड्यात फोनमध्ये घालाव्यात. दुसरी तारीख येण्याच्या दहा दिवस आधी प्राध्यापकांना थेट विचारावे: "आत्तापर्यंतच्या गुणांवर मी उत्तीर्ण होईन का?" एफ-१ विद्यार्थ्यांनी आणि आर्थिक साहाय्य घेणाऱ्यांनी समुपदेशकाला भेटल्याशिवाय काहीही सोडू नये.

वर्ग चालू ठेवायचे ठरले, तर पुढच्या सत्राच्या नोंदणीची तारीख कॉलेजच्या पोर्टलवर पाहावी. प्रत्येकाची तारीख वेगळी असते, आणि ज्यांनी ओरिएंटेशन, पातळीची निवड व शैक्षणिक आराखडा पूर्ण केला आहे त्यांना ती लवकरची मिळते. संध्याकाळचे ईएसएल वर्ग लवकर भरतात. ही दुसरी नोंदणी तिने पूर्णपणे एकटीने करावी. आपण घरातल्या दुसऱ्या खोलीत थांबावे, आणि तिने हाक मारली तरच जावे.